न बसलेला चटका

आजारातून उठलेल्या माणसांचे लेख मी पुष्कळ वाचले आहेत, कारण दवाखान्याच्या बाकावर दुसरं काही वाचायला नसतं. त्यातल्या प्रत्येकाला आजाराने काहीतरी शिकवलेलं असतं. नर्सच्या रूपात आई भेटलेली असते आणि शेवटी सगळ्यांचे आभार मानलेले असतात. मला आजाराने उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, जुन्या रुपयाएवढं एक भोक दिलं. ते बुजायला वर्षाचा बराचसा भाग गेला. माझ्या डॉक्टर शेखबाई म्हणाल्या, "लिहून काढा, ओव्हाळसाहेब. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत." तुमच्यासारखे म्हणजे कसे, हे त्यांनी सांगितलं नाही, पण मला ते समजलं.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मी तपासणी विभागात होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. आता येरवड्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. घरात बायको सुमन आणि मुलगा मिलिंद. मिलिंद हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करतो. काय काम करतो ते त्याने मला अनेकदा समजावून सांगितलं आहे. मधुमेह जुना आहे, त्याला मी कधी फारसा मान दिला नाही.

ग्रॅनाइट

आमच्या विहाराच्या अंगणात पूर्वी मुरूम होता. मग वस्तीतली मुलं हिंजवडीला लागली, काही अमेरिकेला गेली आणि देणग्या यायला लागल्या. पैसा आला की फरशी बदलायची ही आपल्याकडची रीत, तेव्हा कमिटीने ठराव करून अंगणभर ग्रॅनाइट टाकला. काळा, पॉलिश केलेला, उघड्यावर, पुण्याच्या उन्हात. ठरावाला विरोध करणारा मी एकटाच होतो आणि तोही रंगासाठी नाही, घसरण्यासाठी.

त्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला कार्यक्रम सकाळचा होता. पण नगरसेवक आल्याशिवाय वंदना सुरू करायची नाही असं ठरलं होतं आणि नगरसेवक जेवणवेळेपर्यंत आले नाहीत. ऊन डोक्यावर आलं. चपला गेटबाहेर. साहेब आले, हार झाले, वंदना झाली आणि मग पांढऱ्या कपड्यांतली सगळी मंडळी मूर्तीभोवती प्रदक्षिणेला निघाली.

निघाली कसली, नाचायलाच लागली. बायका साडीचे काठ उचलून पळत होत्या. पोरं टाचांवर, मोठी माणसं चवड्यांवर. माझा कारखान्यातला सहकारी साळवे तर एक पाय उचलून दुसऱ्यावर उड्या मारत होता, तोंडाने त्रिशरण चालूच. मी मात्र सावकाश, सरळ, पाऊल पूर्ण टेकवून चाललो. मनात म्हटलं, इतकी वर्षं झाली, यांना अजून रांगेत चालता येत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ओव्हाळसाहेबांकडे बघा. याला म्हणतात शिस्त." ते ऐकून मी आणखी हळू चाललो.

खीर खाऊन घरी आलो. संध्याकाळी सुमन म्हणाली, "अहो, फरशीवर हे ओले पाय कुणाचे?"

"माझे. दुसरं कोण आहे घरात?"

"तुम्ही तर बाथरूममध्ये गेला नव्हतात."

तिने मला खुर्चीत बसवून दोन्ही पाय उलटे करून बघितले. तळव्यांचं कातडं सुटून लोंबत होतं आणि त्यातून पाणी गळत होतं. मला काहीच दुखत नव्हतं. ती रडायला लागली. दुखत नसताना रडण्यासारखं काय आहे, असं मी तिला विचारलं. मला तिचा राग आला होता.

बघे

डावा पाय भरून आला, उजवाही बराचसा आला, पण त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी जखम तशीच राहिली. पावसाळा आला, संपत आला, ती जागची हलेना.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस आजार बघितल्याशिवाय उठत नाही. नुसता चहा पिऊन गेला तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. तेव्हा कुणी आलं की सुमन पाट मांडायची, मी पाय वर घ्यायचो आणि पट्टी सुटायची. मंडळी वाकून बघायची, जिभेने आवाज काढायची आणि आपापलं ज्ञान द्यायची. कुणी म्हणे हळद भरा. कुणी म्हणे कडुनिंबाचं पाणी. एक बाई म्हणाल्या वांगं बंद करा. हळद-निंबाचं कुणाचं मी ऐकलं नाही. आयुष्यभर विज्ञाननिष्ठ राहिलेला माणूस मी, त्यामुळे मी रोज बाटलीतलं फेस येणारं औषध ओतायचो. फेस आला की आत काम चालू आहे असा माझा शास्त्रीय समज होता. ते औषध चांगलं मांससुद्धा खातं, हे मला फार पुढे सांगितलं गेलं.

साळवे एक दिवसाआड यायचा. "जयभीम साहेब. बघू." मग चष्मा लावून निरखायचा आणि म्हणायचा, "वाढलीय." कधी "तेवढीच आहे" म्हणायचा, तेही दुःखाने. कारखान्यात त्याच्या हातून गेलेलं काम मी कितीदा परत पाठवलं असेल, आता तो माझी तपासणी करत होता.

मिलिंदने नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता. दर रविवारी पट्टी सोडून तो फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवायचा. "पप्पा, प्रोग्रेस ट्रॅक झाला पाहिजे." फोटो अमेरिकेतल्या आतेभावाला जायचे. तो भूगर्भशास्त्राचा इंजिनिअर. त्याचंही मत यायचं.

काचेची इमारत

मग पाय सुजला, ताप आला आणि मिलिंदने रजा काढून मला एका मोठ्या, नव्या, काचेच्या हॉस्पिटलात नेलं. दाराशी विमानतळासारखी तपासणी. आत कॉफीचं दुकान. सूट घातलेली एक मुलगी "अंकल, कसे आहात?" म्हणत हसत आली. आजारी आहे म्हणून आलोय, असं मी सांगितलं. ती तरीही हसतच राहिली, तिला त्याचा पगार असावा.

सर्जनसाहेबांनी पायापेक्षा स्क्रीनकडे जास्त पाहिलं. मग माझ्याकडे न बघता मिलिंदला म्हणाले, "अंगठा काढावा लागेल. उशीर केलात तर अर्धं पाऊल. बाबांना समजावून सांगा."

बाबा समोरच बसले होते. बाबांना मराठी येत होतं.  अंगठा गेला तर माणूस मरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण आमच्या कारखान्यातल्या एकाचा असाच अंगठा काढला होता, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. तो शेवटी घराच्या खिडकीत बसलेला असायचा. तिसऱ्या मजल्यावरून मी कधीच खाली उतरणार नाही, एवढंच मला त्या खोलीत दिसत होतं.

तापाची औषधं झाली, सूज उतरली. ऑपरेशनचा फॉर्म मिलिंदने घडी करून खिशात ठेवला. "पप्पा, सेकंड ओपिनियन घेऊ." त्याच्या तोंडून आलेलं पहिलं उपयोगी इंग्रजी.

दोरा

डॉक्टर शेख यांचा दवाखाना कॅम्पात, कापडाच्या दुकानांच्या वर. कॉफी नाही, सूट नाही, हसणं तर अजिबात नाही. साठीला आलेल्या बाई, हाताला प्लास्टरचा पांढरा राप. त्यांनी पायाच्या नाड्या चाचपल्या, एक्स-रे उजेडात धरला. रक्त पोचतंय, हाड अजून शाबूत आहे, म्हणाल्या. मग ड्रॉवरमधून एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा जाडसर दोरा होता.

"डोळे मिटा. पायाला दोरा टेकला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ गेला. बाहेर रिक्षा, हॉर्न. बाईंना दुसरं काही काम आठवलं असेल असं वाटून मी म्हणालो, "सुरू करा की."

"झालं, ओव्हाळसाहेब. दोन्ही पायांचं झालं."

सुमनने नंतर सांगितलं, दोरा वाकेपर्यंत त्या टोचत होत्या, जागा बदलत होत्या आणि मी फोटोला बसल्यासारखा ताठ बसलो होतो. दोन्ही तळव्यांत एकाही जागी मी 'हो' म्हणालो नव्हतो.

"साखरेने पायाच्या नसा गेल्यात. कधीच्याच गेल्यात," बाई म्हणाल्या. "कुणाला खडा रुतला तर तो पाय उचलतो. जखम झाली तर लंगडतो, म्हणून ती भरते. तुम्ही मात्र रोज तिच्यावर पूर्ण वजन टाकून चालता. तीन मजले."

मला पौर्णिमा आठवली. सगळं विहार उड्या मारत होतं आणि मी शिस्तीत चाललो होतो. कौतुक ऐकून हळू झालो होतो. माझे कान तापले.

प्लास्टर

औषध नको, मलम नको, फेस तर नकोच. बाईंनी बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत पायाला चिकटून बसणारं प्लास्टर घातलं. त्याने वजन जखमेवर न येता सगळ्या पायावर वाटलं जातं. दर आठवड्याला त्या ते काढणार, बघणार, नवं घालणार. शक्य तेवढं बसून राहायचं आणि मधे कुणी ते उघडायचं नाही.

"आणि आत काय चाललंय ते कसं कळणार?" मी विचारलं.

"मला आठवड्याने कळेल."

"मला?"

"तुम्हाला कळून काय करायचंय?"

असं माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी एका कागदावर सही केली नाही. माझी सही म्हणजे काय, हे सबंध कारखान्याला माहीत होतं. आणि आता माझाच पाय बंद डब्यात आणि किल्ली या बाईकडे.

पहिल्या आठवड्याने बाई म्हणाल्या, "थोडी कमी आहे." मी विचारलं, किती कमी? त्या म्हणाल्या, "थोडी." असल्या मापावर मी कधी विश्वास ठेवलेला नाही.

खिडकी

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी सुमन महिला मंडळात गेली होती आणि मिलिंद हिंजवडीला. हत्यारांच्या पेटीतून मी लोखंड कापायच्या हॅक्सॉचं पातं काढलं. समोर आरसा ठेवला. जखमेच्या बरोबर खाली प्लास्टरवर पेन्सिलीने चौकोन आखला आणि कापला. आतला पाय बधिर असताना, आरशात उलटं बघून, कातडीला न लागू देता कापणं येरागबाळ्याचं काम नाही. चौकोन सुबक निघाला. जखम गुलाबी होती, ठीक वाटली. मी ती मोजून घेतली, तुकडा परत बसवला आणि चिकटपट्टीने बंद केला. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून बघितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. साळवे आला तेव्हा त्यालाही खिडकी दाखवली. तो म्हणाला, "साहेब, काय काम केलंय!" साळवेला जे काम चांगलं वाटतं ते परत पाठवायचं असतं, एवढा माझा अनुभव होता. पण स्तुती ऐकताना तो आठवला नाही.

आठवडा संपला तेव्हा बाईंनी पाय हातात घेतला आणि थांबल्या.

"हे कुणी केलं?"

"मी."

"छान कापलंय."

मग त्यांनी प्लास्टर काढलं. सगळीकडून पाय आवळलेला आणि तेवढ्या जागी मोकळा, म्हणून सगळी सूज खिडकीतून बाहेर आली होती. काजातून गुंडी निघावी तसं मांस वर आलं होतं आणि कडेला काळं पडलं होतं. जखम पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. ते मोजायची गरज नव्हती.

"आठवड्यापूर्वी मी अंगठ्याबद्दल निश्चिंत होते," बाई म्हणाल्या. "आता नाही. हे सुकलं नाही तर मीच तुम्हाला ऑपरेशनला पाठवीन." त्या रागावल्या नव्हत्या, याचीच मला जास्त भीती वाटली.  

गोळा

 परतताना रिक्षात, बंडगार्डनचा पूल आला तेव्हा सुमनने विचारलं, "अहो, फॅक्टरीत भरलेला गोळा तपासताना तो उघडून बघायचात का?"

"वेडी आहेस का? भरलेला गोळा कोण उघडेल?"

"मग तपासायचात कसा?"

"वजन करून. वरून मापाचं गेज लावून. ओल आहे का, चीर आहे का, बघून."

"म्हणजे बाहेरून," ती म्हणाली आणि नदीकडे बघायला लागली.

 बघ्यांना मी इतके महिने नावं ठेवली. साळवेला ठेवली, हळदवाल्यांना ठेवली, पोटच्या पोराच्या कॅमेऱ्यालाही ठेवली. आणि माझ्या जखमेला सगळ्यांत जास्त वेळा भेटायला येणारा माणूस मीच होतो. असल्या माणसाला तपासणीत ठेवणाऱ्या कारखान्याची मला कीव आली.

त्या दिवसापासून तपासणी सुमनकडे गेली. सकाळी उठल्यावर ती ताप बघायची, मिलिंद बोट टोचून साखर बघायचा. प्लास्टर कुठे ओलं, सैल, घट्ट झालंय का, ते ती हात फिरवून बघायची. मग खाली वाकून त्याचा वास घ्यायची. बायकोने रोज सकाळी आपल्या पायाचा वास घ्यावा, ही वेळ येईल असं लग्नात कुणी सांगत नाही. पहिले काही दिवस मी तोंड फिरवायचो. तिला त्याचं काही नव्हतं. "वास नाही," असं म्हणून ती चहा ठेवायला जायची. तो चहा मला फार चांगला लागायचा.

भेटायला येणाऱ्यांना ती दारातच सांगायची, "बघायला काही नाही. बसा, पोहे करते." निम्मे लोक यायचे बंद झाले. साळवे मात्र येत राहिला. बघायला काही नसताना तो नुसता बसायचा, पेपर वाचायचा. मला ते समजत नव्हतं.

मिलिंदने फोल्डर बंद केलं. दर आठवड्याला तो आणि वॉचमन मला खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवायचे. माऊस धरून मऊ पडलेले त्याचे हात दुसऱ्या मजल्यापासून थरथरायला लागायचे. मी म्हणायचो, जिम लाव. तो म्हणायचा, "पप्पा, हलू नका." एकदाही त्याने खुर्ची जिन्यात टेकवली नाही. मला त्याचा फार अभिमान वाटत होता. पण ते त्याला सांगितलं नाही.

बाई दर वेळी "थोडी कमी" म्हणत होत्या. किती, हे मी विचारायचं सोडलं. थंडी गेली. एका सकाळी त्यांनी प्लास्टर काढलं, पाय उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "सुमनताई, तुम्ही बघा."

सुमनने चष्मा लावला आणि वाकली. अंगठा धरून हलवला, बोटाने तळव्यावर दाबलं. "कातडं आलंय," ती म्हणाली. "सगळीकडून."

टेबलावर आरसा होता. मी तो मागितला नाही.

पौर्णिमा

बाईंचा हुकूम आहे की यापुढे अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरातसुद्धा नाही. मऊ रबराच्या तळव्याची, पट्ट्यांची चप्पल मिळाली आहे. दिसायला वाईट आहे. रोज झोपण्याआधी सुमन दोन्ही तळवे बॅटरी लावून बघते, बोटांच्या बेचक्यासुद्धा. जुना मधुमेह असलेल्या वाचकाला माझं एवढंच सांगणं आहे: दोऱ्याची परीक्षा देऊन या. नापास झालात तर पायाच्या बाबतीत स्वतःची अक्कल वापरणं बंद करा.

पुढची पौर्णिमा आली. ग्रॅनाइट तिथेच होता, नगरसेवक पुन्हा उशिरा आले. मी गेटजवळ कडुनिंबाच्या सावलीत, चप्पल घालून उभा राहिलो. कमिटीतला एक कार्यकर्ता म्हणाला, "काका, चप्पल बाहेर काढा." सुमनने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो निघून गेला.

प्रदक्षिणा सुरू झाली आणि सगळे नाचायला लागले. बायका काठ उचलून पळत होत्या, पोरं टाचांवर. साळवे उड्या मारत आला आणि धडपडत माझ्या सावलीत घुसला.

"काय दगड टाकलाय साहेब! पाय भाजले."

"खूप भाजलं?"

"मग काय."

"कुठे?"

"अहो, टाचेला. चवड्याला. सगळीकडे."

"कसं भाजतं? नीट सांग."

साळवेने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या चपलेकडे. चेष्टा करेल असं मला वाटलं. पण तो झाडाला टेकला, एक पाय उचलून तळवा माझ्या बाजूला वळवला आणि बोट लावून सांगायला लागला. आधी टाचेला नुसतं ऊब लागल्यासारखं होतं, मग एकदम सुई शिरते, मग पाय आपोआप वर येतो, आपण उचलायच्या आधी. सांगताना तो अडखळत होता, पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. साळवेचं बोलणं मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.